ज्योतिबा नावाची बोट

शिरूरच्या शाळेत संपत कोकरे सर इतिहास शिकवायचे, पण मुलांना विचाराल तर ती सांगतील की सर जहाजं शिकवायचे. पानिपत असो की फ्रेंच राज्यक्रांती, तासाचा शेवट ठरलेला, जर्मन आरमार. त्यात कुणाला उपद्रव नव्हता. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला निवडणुकीचा. सरांना युद्धनौकांच्या नावांचा. अ‍ॅडमिरल शेर, अ‍ॅडमिरल हिपर, टिरपिट्झ ही नावं ते फळ्यावर अशा वळणदार अक्षरात लिहायचे, जसं काही घरच्या लग्नाची पत्रिकाच लिहितायत. “जहाजाचं नाव वाचून पुढं जायचं नाही,” असं ते बजावत. “नावामागचा माणूस शोधायचा. लोखंड काय, कुणीही जोडतं.”

त्यांचा सगळ्यात लाडका माणूस ग्राफ श्पे. ‘स्पी’ म्हणणाऱ्या मुलाला ते पुन्हा पुन्हा ‘श्पे’ म्हणायला लावत. पहिल्या महायुद्धात हा सेनापती फॉकलंड बेटांजवळ आपल्या जहाजासकट बुडाला, आणि त्याच लढाईत त्याची दोन्ही मुलंही गेली. पुढं जर्मनीनं नवी युद्धनौका बांधली, तिला त्याचं नाव दिलं आणि ती पाण्यात सोडायला त्याच्याच मुलीला बोलावलं. इथवर आलं की सरांचा आवाज घोगरा व्हायचा. मागच्या बाकावरची मुलं तेवढ्यात डबे उघडून घ्यायची.

सरांचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. वडील ज्योतिबा कोकरे मेंढरांच्या वाड्याचे कारभारी. मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरणाऱ्या कुटुंबांचा जो तळ, त्याला वाडा म्हणतात. मुक्काम कुठं करायचा, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, कुठल्या उतारानं नदी ओलांडायची, हे सगळं कारभाऱ्याच्या डोक्यात. आणि धनगरांचा तळ पडला की गावात साधी दोरी हरवली तरी पहिला संशय तळावरच. ज्योतिबांनी तो संशय उभ्या आयुष्यात कधी खरा होऊ दिला नाही. तळावरच्या पोरानं कुणाच्या रानातलं कणीस मोडलं, तर ते कणीस आणि ते पोर दोन्ही धरून ते रानमालकाच्या दारात जाऊन उभे राहायचे. ते पोर बहुतेक वेळा जालिंदर असायचा, म्हणजे सरांचा धाकटा भाऊ.

पुढं मेंढरं गेली, काठाला थोडी जमीन झाली, घर झालं. मागच्या वर्षी ज्योतिबांचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर जालिंदर सरांच्या शेजारी येऊन बसला.

“दादा, बोट घेतोय. फायबरची.”

“कशाला?”

“मासं धराया.”

सरांना मासे राहिले बाजूला, बोट तेवढी ऐकू आली. मग काय विचारता. त्यांनी तिथंच खरकट्या पत्रावळींच्या शेजारी ग्राफ श्पेची गोष्ट काढली. सेनापती, दोन मुलं, मुलीच्या हातून पाण्यात उतरलेलं जहाज. शेवटही सांगितला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या जहाजांनी या नौकेला नदीच्या मुखात कोंडलं, तेव्हा ती त्यांच्या हाती लागू नये म्हणून तिच्या कप्तानानं ती स्वतःच बुडवली. जालिंदर तोंडात सुपारी तशीच धरून ऐकत होता. सरांना वाटलं, पहिल्यांदा आपला भाऊ आपलं काहीतरी ऐकतोय.

“मंग आपल्या आबाचंच नाव दिऊ की,” जालिंदर म्हणाला. “त्या शेपेच्या पोरीनं दिलं, आपुन पोरांनी द्यायला काय झालं?”

“श्पे,” सर म्हणाले. पण डोळे भरून आले होते.

नाव सरांनी स्वतः लिहिलं. दौंडातून पांढरा ऑइलपेंट आणि चांगला ब्रश घेऊन आले. जालिंदरचं म्हणणं, ‘कै. ज्योतिबा आबा’ लिहायचं. सर म्हणाले, जहाजावर कैलासवासी लिहीत नाहीत, जर्मनांनीही लिहिलं नव्हतं, आणि आबा-काका तर बिलकूल नको. नुसतं ‘ज्योतिबा’. भारदस्त दिसतं. आणि दिसलंही भारदस्त, निळ्या बोटीवर हातभर उंचीची तीन पांढरी अक्षरं. सर मागं सरकून नुसते बघत राहिले.

बोटीवर इंजिन होतं. इंजिनाला मांडीएवढा जाड पाइप होता. भीमेतले मासे काही पाइपातून वर येत नाहीत, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दोन विषयांत एम. ए. झालेल्या सरांना ते कळलं नाही, असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणणार नाही. त्यांनी पाइपाकडं पाहिलं, मग ब्रश डब्यात बुडवला आणि ‘बा’चा काना जरा जाड केला.

श्पेच्या मुलीनं केलं तसं आपल्या घरच्या बाईनं करावं, हा हट्टही सरांचाच. अनसाबाई, त्यांची आई, काठीला टेकत नदीवर आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण नाव कुणाचं ते पोरांनी सांगितलं होतं. तिनं बोटीभोवती एक फेरी मारली, पाइपाला हात लावून पाहिला आणि विचारलं, “कशाची हाय रं ही?” जालिंदर खाली बघायला लागला. तेव्हा सरच म्हणाले, “मासेमारीची, आई.” थोरला शिकलेला, सरकारी पगार घेणारा, तो खोटं कशाला बोलेल. अनसाबाईनं तांब्याभर पाणी बोटीच्या नाकावर ओतलं आणि हात जोडले.

त्यानंतर ज्योतिबा भीमेतून वाळू उपसू लागला. गावाच्या बोलण्यात तो असाच आला. “ज्योतिबा काल वरच्या डोहात व्हता.” “ज्योतिबानं काठ पोखरला, वस्तीवरली पंपाची मोटार पाण्यात गेली.” “ज्योतिबाच्या नादी लागू नगा, त्याची मानसं वंगाळ हायेत.” ज्या माणसानं दुसऱ्याच्या कणसाला हात लावू दिला नाही, त्याचं नाव आता ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी असं फिरत होतं. सरांच्या कानावर हे शिरूरला यायचं. मग त्यांनी गावी जाणं कमी केलं. आई फोनवर विचारायची, कवा येतोस. सर शाळेचं काम पुढं करायचे, आणि शाळेत कामाला कधी तोटा नसतो.

मे महिन्यात मात्र सुट्टी लागली आणि काम काढता येईना. सर गावी आले. दुसऱ्याच दिवशी, जेवायला बसणार एवढ्यात जालिंदरचा फोन.

“दादा, महसूलचं पथक आलंय. मी पवत पल्याड आलोय, नगर जिल्ह्यात. तू नदीवर जा. आन् म्हातारीला तिकडं येऊ दिऊ नगं.”

“बोट कुठंय?”

“बुडवली,” जालिंदर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. “तुझ्या शेपेवानी. बूच काढलं आन् उडी टाकली.”

सर नदीवर पोचले तेव्हा त्यांना कळलं की श्पेवानी म्हणजे अगदीच श्पेवानी झालंय. ती जर्मन नौकाही उथळ पाण्यात बुडवली होती, आणि तिचा वरचा भाग कितीतरी वर्षं पाण्याबाहेर दिसत राहिला होता. इथं तर मे महिन्याची भीमा. बोट कमरेएवढ्या पाण्यात गाळावर टेकली होती, एका बाजूला कलली होती आणि नाव लिहिलेली बाजू नेमकी वर आली होती. ज्योतिबा. ऊन पडलं होतं आणि अक्षरं धुतल्यासारखी चमकत होती. काठावर अर्धं गाव जमलं होतं.

जर्मनांकडं ‘डॉइचलांड’ नावाची एक नौका होती. देशाचंच नाव असलेलं जहाज बुडालं तर नामुष्की होईल, म्हणून युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी तिचं नाव बदलून टाकलं. हे सरांना ठाऊक होतं. वर्गात ते रंगवून सांगत. पंगतीनंतरच्या त्या गप्पांत मात्र एवढीच गोष्ट त्यांनी गाळली होती. का गाळली, त्या कारणाकडं आता त्यांना बघवेना.

“सर?”

त्यांनी वळून पाहिलं. हातात फाइल, डोक्यावर टोपी, पायात बूट घातलेली एक तरुण बाई हसत पुढं येत होती. “ओळखलं नाही ना? स्नेहल. दहावीला तुमच्या वर्गात होते, पहिल्या बाकावर. मंडल अधिकारी म्हणून याच महिन्यात बदली झाली माझी इकडं.” आणि भर काठावर, सगळ्या गावासमोर, तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. सरांनी पाय मागं घेतला. आशीर्वाद द्यायचं त्यांना सुचलं नाही.

स्नेहलची अडचण झाली होती. बोट जिलेटिन लावून उडवायची होती, तसा वरून हुकूम होता. पण सुरुंगवाला बन्सी पाण्यात उतरला, नावाजवळ गेला आणि ‘चांगभलं’ म्हणत हात जोडून परत आला. त्याच्या घरी ज्योतिबाची पालखी होती. देवाच्या नावाला सुरुंग लावणार नाही, मॅडम, पगार कापा, असं त्यानं सांगितलं. दुसरा गडीही मागं सरला. काठावरच्या गावाला खरं काय ते माहीत होतं. पण कुणी तंबाखू मळत होतं, कुणी पल्याडच्या काठाकडं बघत होतं आणि दोघं-तिघं सरांकडं.

“सर, तुम्हीच शिकवलंय,” स्नेहल म्हणाली. “नावामागचा माणूस शोधायचा. मी मघापासून तेच विचारतेय. हे नाव कुणाचं? मालकाच्या घरातलं कुणी असणार, नाहीतर एवढं सुंदर कोण लिहितं? पण कुणी बोलायला तयार नाही. तुम्हाला काही माहिती?”

सरांना भीती वाटली. जालिंदरवर गुन्हा पडेल ही एक भीती. शिरूरला शाळेत बातमी जाईल ही दुसरी. पण खरी भीती या पोरीची होती. ती अजून हसत होती. पहिल्या बाकावरून बघायची तशीच बघत होती. हे नाव माझ्या बापाचं, आणि लिहिलंय मी, असं म्हटलं की तिच्या चेहऱ्यावरचं ते बघणं जाणार होतं. तेवढं सरांना सोसणार नव्हतं.

“माणसाचं नाही,” सर म्हणाले. “देवाचं आहे. इकडं देवाचं नाव देतात बोटींना.”

आवाज अगदी वर्गातला निघाला, शांत, खात्रीचा. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

काठावर कुणीतरी खाकरलं. स्नेहलनं मात्र लगेच मान हलवली. सरांनी सांगितलं म्हणजे संपलं. “बघा, मग सोपं आहे,” ती बन्सीला म्हणाली. “देवाचं नाव आधी नीट खरवडून काढा, मग बोट उडवा. चालेल?” बन्सीला चाललं. तो विळा घेऊन पुन्हा पाण्यात उतरला. स्नेहल पंचनामा लिहायला लागली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होती. बोटीवर ज्योतिबा असे देवाचे नाव. मालक अज्ञात.

“सर, अजून एक त्रास देते. पंच मिळेना. गावातला माणूस सही करायला घाबरतो. तुम्ही शिक्षक, तुमच्या सहीला वजन आहे. कराल?”

आता नाही कसं म्हणायचं? नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं. फॉकलंडच्याही आधी, त्याच महायुद्धात मेलेल्या एका सेनापतीचं नाव जर्मनांनी एका विनाशिकेला दिलं होतं. लेबरेख्त मास. ती विनाशिका पुढं त्यांच्याच विमानानं टाकलेल्या बॉम्बनी फुटली. हे सरांना त्या क्षणी का आठवावं, कुणास ठाऊक. त्यांनी पेन हातात घेतलं. पंचाचं पूर्ण नाव, असं छापलेलं होतं. त्यांनी ‘संपत’ लिहिलं. मग पेन अडलं. वरच्याच ओळीत ज्योतिबा हा शब्द होता, देव म्हणून. त्याच्याखाली तोच शब्द बाप म्हणून लिहायचा होता. सरांनी ‘जे’ लिहिलं, पुढं टिंब दिलं आणि ‘कोकरे’ लिहून खाली सही ठोकली.

विळ्याचा खर्र खर्र आवाज सुरू झाला होता. सर तिकडं बघत नव्हते, तरी त्यांना प्रत्येक ओढ दातांत जाणवत होती. वाड्यावर असताना बाप अंगावरचं घोंगडं काढून दोघा भावांवर टाकायचा आणि स्वतः मेंढरांत जाऊन झोपायचा. त्या माणसाला आपण आत्ता एका अक्षरात कोंबलं, आणि तेही इंग्रजी. सरांना काठावरच्या कुणाच्याही नजरेला नजर देता येईना.

आणि गर्दी बाजूला झाली. अनसाबाई आली होती. तिला आवरायला घरात कुणी नव्हतं, आवरायला ज्याला सांगितलं होतं तो तर इथं उभा होता. ती काठी टेकत थेट पाण्याच्या कडेला गेली.

“काय पुसतुयास रं बाबा?” तिनं बन्सीला विचारलं.

“देवाचं नाव हाय, म्हातारे. पुसून घेतो, म्हंजी पाप लागायचं न्हाई.”

“देवाचं? कोन म्हनलं?”

“सर म्हनलं की.”

अनसाबाई वळली. तिनं थोरल्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. सर वहाणांकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, नदीनं आत्ता, या मे महिन्यात, चढावं आणि काठावरचं सगळं घेऊन जावं.

स्नेहलला यातलं काही कळलं नव्हतं. ती कागदावर वाकली होती. “सर, इथं पूर्ण नाव लागतं हो. शाळेतही तुम्ही एस. जे. कोकरेच होतात. जे म्हणजे काय, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.” ती हसली. सर वाकून वहाणेचा अंगठा नीट करू लागले. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं अनसाबाईला विचारलं, “आजी, तुम्ही सरांच्या कोण?”

“आई.”

“मग तुम्हीच सांगा. सरांच्या वडिलांचं नाव काय?”

अनसाबाईच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत, कुठंही विचारलं तरी शेजारची कुणीतरी सांगते. आज शेजारी सांगणारा तिचा थोरला होता. तिनं त्याच्यासाठी थोडा वेळ दिला. सगळ्या काठानं दिला. बन्सीचा विळाही थांबला होता.

मग अनसाबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला, मान थोडी वळवली आणि हात उचलून बोटीकडं बोट केलं.

स्नेहलनं बोटीकडं पाहिलं. ‘ज्यो’ खरवडून गेला होता. ‘तिबा’ राहिला होता. तिनं खाली कागदावरचं ‘जे’ वाचलं, मग त्याची वरची ओळ वाचली. मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्या बाकावरचं काही उरलं नव्हतं.

“देव न्हवतं ते, बाई,” अनसाबाई म्हणाली. “मानूस व्हते. मेंढरं राखायचे. बोट माझ्या धाकल्याची हाय, जालिंदरची, आन् पानी म्या घातलंय तिच्यावर. लिवा तसं. तो पल्याड बसलाय, बलवून घ्या.”

स्नेहलनं लिहिलं. मग सरांच्या नावावर तिनं सरळ आडवी रेघ मारली, सहीवरही मारली. “घरच्या माणसाला पंच करता येत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. पुढं ‘सर’ म्हणाली नाही.

“घरचा न्हाई त्यो,” अनसाबाई म्हणाली. “घरचा असता तर बापाचं नाव सांगितलं असतं त्येनं.”

आणि ती काठी टेकत, कुणाचा हात न धरता, गर्दीतून घराकडं निघाली.